देवीच्या मुखवट्यावरचा खड्डा

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मलाही ठाऊक नाही आणि जिने मला सांगितली तिलाही नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे घरोघरी मुखवटे बनत. कागदाचा लगदा चिंचोक्यांच्या खळीत मळायचा, साच्यावर थापायचा, वाळला की उंचवटे दगडाने घासायचे आणि खड्डे खळीने बुजवायचे. गुळगुळीत गाल म्हणजे त्या लोकांचा जीव की प्राण!

दर बारा वर्षांनी तिथे देवीचा नवा मुखवटा घडे. त्याचा साचा गावातल्याच एका मुलीच्या चेहऱ्यावर ओली माती थापून घेत. मुलगी सुंदर हवी असं काही नव्हतं. अट एकच, चेहऱ्यावर दुखरी जागा नको. मुख्य कारागीर आधी बोटांनी चेहरा दाबून बघे. मुलगी कळवळली, की तिच्या जागी दुसरी बसे.

त्या वर्षी एका पंधरा वर्षांच्या मुलीची निवड झाली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. ती आईसुद्धा मुलगी असताना कधीकाळी या साच्यासाठी बसली होती. आई बसली त्या पाटावर आपणही बसायचं, एवढीच एक गोष्ट या पोरीला मनापासून हवी होती.

साच्याला तीन महिने उरले होते आणि नेमकी तेव्हाच तिच्या दोन्ही गालांवर मुरमं उठली.

तिला वाढवलं होतं आत्याने. मुखवटे घासून गुळगुळीत करण्यात आत्याचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. "माझ्यापुढे या पुटकुळ्यांची काय बिशाद!" असं म्हणून तिने पदर खोचला. जे मुखवट्याला करायचं तेच तिने गालाला केलं. खरखरीत फडक्याने घासलं, डाव्या गालावरचं एक मोठं मुरूम नखाने फोडलं, वर लिंबू पिळलं आणि जाड लेप थापला.

"आत्या, आग होतेय गं!"

"होणारच. जरा कळ काढ."

दुसऱ्या दिवशी एकाची चार झाली. आत्याने आणखी जोरात घासलं. प्रेमापोटीच हो, पण घासलं.

पोरगी मात्र चौकस होती. तिच्या डोक्यात भुंगा शिरला. मुखवटा घासला की उंचवटा जातो आणि गाल घासला की वाढतो. असं का? दिवसभर विचार करून उत्तर मिळेना, तेव्हा ती नदीकाठच्या म्हाताऱ्या वैद्यीणबाईंकडे गेली.

बाईंनी गालाला बोटही लावलं नाही. नुसतं निरखून बघितलं आणि विचारलं, "मुखवट्याला चरा पडला, तर तो आपोआप भरून येतो का गं?"

"छे! आम्हीच बुजवतो."

"आणि मागे तुझा गुडघा फुटला होता, तो कोणी बुजवला?"

"कोणीच नाही. खपली धरली आणि पडली." मुलगी थबकली. "म्हणजे गाल आपलं काम करतोय आणि आम्हीच मधे लुडबुड करतोय?"

बाई हसल्या. "सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याने हलक्या हाताने धू. मऊ, स्वच्छ फडक्याने टिपून घे, पुसू नकोस. उशीचा अभ्रा धुतलेला असू दे. केसांचं तेल कपाळावर उतरू देऊ नकोस. आणि मुख्य म्हणजे, हात लावू नकोस. गुण यायला महिना-दोन महिने लागतील. पण एखादं खोल ठणकायला लागलं, तर घरी काही करत बसू नका, सरळ माझ्याकडे या."

आत्याला हे पटेना. नुसत्या पाण्याने कधी काही होतं का? मुलीने तोड काढली. "डावा गाल तुझा, उजवा माझा. महिन्याने बघू."

आत्या खो खो हसली आणि कबूल झाली.

पहिले आठ दिवस काहीच फरक दिसेना. मुलगी रोज सकाळी घंगाळातल्या पाण्यात वाकून दोन्ही गाल बघे. बोटं शिवशिवत, तेव्हा ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे. पंधरवडा गेला. महिना गेला. उजव्या गालावरची मुरमं सुकत आली, नवी क्वचितच उठत होती. डावा गाल लालभडक झाला होता आणि फोडलेलं मोठं मुरूम पिकून टणक सुजलं होतं.

आत्याने दोन्ही गाल उजेडाकडे वळवून पाहिले. मग तिने लेपाची वाटी उकिरड्यावर रिकामी केली आणि मुलीचा हात धरून वैद्यीणबाईंचं घर गाठलं. बाईंनी सुजलेल्या जागेवर औषध दिलं. त्या दिवसापासून डाव्या गालालाही नुसतं पाणी.

साच्याचा दिवस उजाडला. मुलगी पाटावर बसली. दोन-तीन बारीक मुरमं अजून होती, पण दुखत नव्हती. कारागिराने उजवा गाल दाबला, मग डावा. आत्याने श्वास रोखून धरला होता. मुलगी कळवळली नाही, उलट तिला गुदगुल्याच झाल्या. थंडगार माती तिच्या चेहऱ्यावर चढली आणि आत्याने डोळे पुसले.

चार दिवसांनी मुखवटा तयार झाला. डाव्या गालावर मसुराएवढा खड्डा होता. ज्या जागी नख लागलं होतं, तिथेच.

"बुजवू का?" कारागिराने खळीची वाटी हातात घेत विचारलं.

"नको," आत्या म्हणाली. "यातला बुजेल हो. पोरीच्या गालावरचा कसा बुजवू? तो मी पाडलाय. बारा वर्षं हात जोडताना तो मला दिसू दे."

खड्डा तसाच राहिला. वयात येणाऱ्या पोरींना त्यांच्या आया तो दाखवू लागल्या आणि त्या गावात गालाला नख लावणं बंद झालं.

तात्पर्य: चेहऱ्यावरच्या मुरमांना स्वच्छता आणि सवड द्यावी, उतावळ्या हाताने पडलेला डाग मुरूम गेल्यावरही उरतो.