चिखल्यांना बसायला जागा

वेळ सकाळची, नुकतं उजाडलेलं. जागा राजाच्या राज्यातला अगदी शेवटचा किनारा, खाडीचं तोंड. भरती चढत होती, पाऊस आडवा येत होता. लाडकी नावाची कोळीण गुडघाभर पाण्यात उभी होती. तिचा नवरा हसुराम होडी घेऊन बाहेर गेलेला, आणि पाण्यालगतच्या धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं.

आता काय होतं, खाडीच्या तोंडाशी होता एक वाळूचा दांडा. त्याच्याखाली धारदार खडक. धुक्यात दांडा दिसायचा नाही, पण त्यावर बसलेल्या पाखरांचा गलका ऐकू यायचा. मग कोळी गलका डाव्या हाताला ठेवायचे आणि सुखरूप आत शिरायचे. पण राजाला नवा महाल हवा होता. जुना गळत नव्हता, बरं का, तरी हवा होता. मग गाड्या आल्या आणि दांड्याची वाळू घेऊन गेल्या. खडक तेवढे राहिले, पाण्याखाली.

तर लाडकी बघत होती. आधी आले पांढरे कुरव पक्षी. ते लाटांवरच बसले. मग आला एक काळा पक्षी, पंख एवढे लांब की तिला वाटलं कुणाचं शीड फाटून उडालं. पंख न हलवता तो डोक्यावरून गेला. तिचे हात आपोआप जोडले गेले. आणि मग पावसातून धूर आला. धूर वळला, चमकला, पुन्हा वळला. चिखल्या पाखरं होती ती, मुठीएवढी, बर्फाच्या मुलखातून आलेली, हजारो. बघतात तर दांडाच नाही. किनाराही भरतीनं गिळलेला. ती फिरत राहिली. मग दमून काही पाण्यात पडू लागली.

लाडकीच्या ध्यानात आलं. पाखरं बसली नाहीत तर गलका नाही, आणि गलका नाही तर हसुराम सरळ खडकावर. मग ती कमरेभर पाण्यात, त्या खडकांवरच जाऊन उभी राहिली. हात पसरून.

सासू मागून ओरडली, "अगं, बुजगावणं झालीस काय?"

"आत्याबाई, बुजगावण्याला पाखरं भितात. तुम्ही या आणि गप्प उभ्या राहा. जमेल का?"

सासूचं तोंड जन्मात मिटलेलं नव्हतं. पण ती आली. मग गावातल्या सगळ्या बायका आल्या, रांग धरून उभ्या राहिल्या.

मग एक पाखरू उतरलं, नेमकं सासूच्या डोक्यावर. मग दुसरं. मग डोकी, खांदे, हात, सगळं भरून गेलं. लाडकीच्या कानाशी एक इवलीशी छाती धडधडत होती. एवढासा जीव, आणि एवढा समुद्र ओलांडून आलेला. कुणी शिंकलं नाही, कुणी हललं नाही. सासूसुद्धा नाही. आणि हजारो पाखरांच्या शिळेनं खाडी भरून गेली.

मग पावसातून हसुरामची होडी आली, गलका डाव्या हाताला ठेवून. त्यानं वर पाहिलं आणि वल्हं मारायचं विसरला.

ओहोटी लागली, पाखरं चिखलात उतरून पोटभर जेवली. राजाला कळलं, त्यानं वाळू परत टाकायला लावली. गाव सुखानं नांदू लागलं. तुम्हीही आता कुशीवर वळा, डोळे मिटा.

दांडा खणायचा हुकूम कुणाचा, हे लाडकीनं राजाला तोंडावर विचारलं होतं, बरं का. राजा म्हणाला, प्रधानाला विचार. प्रधान म्हणाला, कारभाऱ्याला विचार. कारभारी म्हणे गावी गेलाय. तो अजून आलेला नाही.