तीन अंडी आणि तागाचा धागा

अंजिराच्या झाडावर शिंपीण राहायची. शिंपीण म्हणजे पक्षी हं, माणूस नव्हे. इवलीशी. अंगठ्याएवढी. चोच मात्र सुईसारखी. मोठं पान निवडायचं. चोचीनं भोक पाडायचं. धागा ओवायचा. टुच्च टाका, टुच्च टाका. झालं घरटं.

एकदा तिला निळी प्लॅस्टिकची दोरी सापडली. चकचकीत. सुळसुळीत. "किती छान," शिंपीण म्हणाली. त्याच दोरीनं तिनं घरटं शिवलं. आत घातली तीन अंडी.

वारा आला. भुर्रर्र. सुळसुळीत गाठ सुटली. सुर्रर्र. पान उलगडलं. अंडी कडेला आली. आता पडतील की काय?

अंड्यांचे बाबा, म्हणजे शिंपीबाबा, धावले. त्यांनी पानाची कड चोचीत धरली. घट्ट. आता बोलणार कसे? "म् म् म्," म्हणाले. म्हणजे, "लवकर धागा आण."

शिंपीण निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली तुळसाक्काच्या दारात. तुळसाक्का दोर वळायची. दिवसभर, अंगणात बसून.

"अक्का, अक्का, धागा दे.
धागा मिळाला, की मी पान शिवेन.
पान शिवलं, की अंडी वाचतील."

"देते की गं बाय," अक्का म्हणाली. "पण माझा ताग तळ्यात भिजतोय. भिजल्याशिवाय साल सुटत नाही, अन् सालीतच धागा असतो. जा, तळ्याला सांग, तागाची जुडी सोड."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. शिंपीण गेली तळ्याकडे. शी, काय वास. भिजलेल्या तागाला असाच वास येतो.

"तळ्या, तळ्या, जुडी सोड.
जुडी सुटली, की अक्का धागा देईल.
धागा मिळाला, की मी पान शिवेन.
पान शिवलं, की अंडी वाचतील."

"आनंदानं सोडीन," तळं म्हणालं. "माझ्याच नाकात वास बसलाय. पण जुडीवर धोंडा आहे. जा, म्हशीला सांग, धोंडा ढकल."

म्हैस काठावर बसली होती. म्हैस ती म्हैस. तिला कसली घाई?

"म्हशीबाई, म्हशीबाई, धोंडा ढकल.
धोंडा हलला, की तळं जुडी सोडेल.
जुडी सुटली, की अक्का धागा देईल.
धागा मिळाला, की मी पान शिवेन.
पान शिवलं, की अंडी वाचतील."

म्हशीनं एक कान हलवला. मग दुसरा हलवला. "ढकलेन," म्हणाली. "पण पोट रिकामं आहे. जा, मातीला सांग, चारा दे."

शिंपीण वळून बघते तो काय, झाडावर पान हलतंय. झुल झुल. शिंपीबाबांची मान दुखायला लागली. "म् म् म्."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. शिंपीण गेली मातीकडे.

"माती, माती, चारा दे.
चारा मिळाला, की म्हैस धोंडा ढकलेल.
धोंडा हलला, की तळं जुडी सोडेल.
जुडी सुटली, की अक्का धागा देईल.
धागा मिळाला, की मी पान शिवेन.
पान शिवलं, की अंडी वाचतील."

"दिला असता गं," माती म्हणाली. "पण मी दमले. सगळ्यांना खाऊ घालून घालून माझंच अंग कोरडं पडलं. जा, तागाला सांग, पाला दे."

शेतात ताग उभा होता. उंच उंच, सडसडीत. डोक्यावर पिवळी पिवळी फुलं. शिंपीण पार दमली होती. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तागदादा, तागदादा, पाला दे.
पाला पडला, की माती चारा देईल.
चारा मिळाला, की म्हैस धोंडा ढकलेल.
धोंडा हलला, की तळं जुडी सोडेल.
जुडी सुटली, की अक्का धागा देईल.
धागा मिळाला, की मी पान शिवेन.
पान शिवलं, की अंडी वाचतील."

आता ताग काय म्हणेल? "पण" म्हणेल? "जा, त्याला सांग" म्हणेल?

ताग म्हणाला, "घे."

बस, एवढंच म्हणाला.

मग काय. भुरभुर भुरभुर, तागानं पाला दिला. मच मच मच, मातीनं पाला खाल्ला. अंग कसं मऊ मऊ झालं. मातीनं चारा दिला. कच कच कच, म्हशीनं चारा खाल्ला. पाण्यात उतरली, डुबुक. धोंडा ढकलला, धप्प. बुड बुड बुड, तळ्यानं जुडी सोडली. अक्कानं साल सोलली. सर्रर्र. साल खळखळ धुतली. आत निघाले लांब लांब सोनेरी धागे.

"याचं म्हशीला दावं," अक्का म्हणाली. "याची बाळाच्या पाळण्याला दोरी. याचं धान्याला पोतं. उरल्या काड्या चुलीला. काही म्हणून वाया जात नाही बघ. अन् हा तुझा धागा. जुना झाला, की मातीत मुरून जाईल."

शिंपीण उडाली. भुर्रर्र. टुच्च टाका, टुच्च टाका. तागाचा धागा खरखरीत. गाठ बसली पक्की. वारा आला, पान झुललं, गाठ काही सुटली नाही.

शिंपीबाबांनी चोच उघडली. "हुश्श," म्हणाले.

तीन अंडी वाचली.

पण शिंपीण बसली नाही. पुन्हा तागाकडे गेली. "तागदादा, तुझे खूप खूप उपकार झाले. सगळ्यांनी काही ना काही मागितलं. तू काहीच नाही मागितलंस. तुला काय हवं?"

तागाला असं कुणी विचारलंच नव्हतं. पाणी त्याला थोडं पुरायचं. खत तर तोच मातीला द्यायचा.

"एक सांगू?" ताग हळूच म्हणाला. "माझ्या पानांवर अळ्या आहेत. कुरतडतात गं. फार चावतात."

"एवढंच ना?" शिंपीण म्हणाली. तिनं एक अळी टिपली. गट्टम. दुसरी टिपली. गट्टम.

थोडे दिवस गेले. टक टक टक. अंडी फुटली. तीन पिलं बाहेर आली. तीन चोची उघडल्या. "चीं चीं, भूक. चीं चीं, भूक."

शिंपीण तागावर गेली. अळी आणली. शिंपीबाबा तागावर गेले. अळी आणली. दिवसभर जा आणि ये, जा आणि ये.

एक दिवस तागानं बघितलं. एकसुद्धा अळी नाही. पानं हिरवीगार. आणि समोरच्या फांदीवर तीन गुबगुबीत पिलं.

"तागमामा, थँक्यू," तिन्ही पिलं एकदम म्हणाली.

ताग वाऱ्यावर डुलला. सगळी पिवळी फुलं डुलली.

पिलांची पोटं भरली. आपली गोष्ट सरली.