मोरण्याची खारी बाव

मोरणे गावच्या देवळामागे एक दगडी बाव आहे. विहिरीला तिकडे बाव म्हणतात. ती भर उन्हाळ्यातही तुडुंब असते, पण तिच्या पाण्याला गुरेसुद्धा तोंड लावत नाहीत. वसईकडून कोणी पाहुणे आले, की देवळाची घंटा वाजवणारे मिंगेलबाबा त्यांना कठड्यापाशी नेतात आणि नातालीनची हकीकत सांगतात.

मोरण्याचे लोक मूळचे तिथले नव्हेत, असे सांगतात. त्यांच्या पूर्वजांनी प्रभूचा धर्म घेतला, तेव्हा भाऊबंदांनी त्यांचे विस्तवपाणी तोडले. बायकापोरांना घेऊन ते होड्यांतून या किनाऱ्याला लागले. इथल्या आगरी लोकांनी त्यांचा धर्म विचारला नाही. जागा दिली, हे लोक बाव खणू लागले तेव्हा हातभारही लावला. त्या उपकाराची आठवण मोरणेकर दर रविवारी प्रार्थनेत काढत.

पुढे मोठा दुष्काळ पडला आणि घाटावरची माणसे खाली उतरू लागली. तेव्हा गावचा मुकादम गुस्तीन याने बावेचा पोहरा काढून आपल्या घरात ठेवला आणि बावेवर पहारा बसवला. “आज पाणी दिलं, तर उद्या घरं बांधतील,” तो म्हणाला. कोणीही त्याला विरोध केला नाही.

शुभ शुक्रवारी सगळा गाव देवळात गेला. गुस्तीनची सून नातालीन ओली बाळंतीण होती. तिला देवळात जायची मुभा नव्हती, म्हणून आपल्या तान्ह्याला घेऊन ती पहाऱ्यावर बसली. भर दुपारी एक बाई कडेवर तान्हे घेऊन आली आणि कठड्याला टेकून बसली. तिचे ओठ फुटले होते.

“बाई, घोटभर पाणी दे. अंगावरचं दूध आटलंय माझं.”

“नाव काय तुझं?”

“येसू.”

प्रभूचेच नाव ऐकून नातालीनने क्रुसाची खूण केली. तिने येसूच्या बाळाला मांडीवर घेऊन पदराआड पाजले. पण पोहरा सासऱ्याच्या कुलपात होता. दोन्ही बाळांना घेऊन ती तशीच देवळाच्या दाराशी धावली. आत पाद्री क्रुसावरच्या प्रभूच्या तहानेविषयी सांगत होते आणि माणसे डोळे पुसत होती. गुस्तीन शेवटच्या ओळीत गुडघ्यांवर होता.

“बाबा, किल्ली द्या. बाई मरतेय तिकडे.”

“प्रार्थना संपू दे,” तो मान न वळवता म्हणाला.

प्रार्थना लांबली. ती संपल्यावर गावकरी बावेवर आले, तेव्हा कठड्यावर डोके टेकलेल्या येसूचा प्राण गेला होता. गुस्तीनने तिला गावच्या दफनभूमीत जागा नाकारली, कारण ती कोण, कुठली, कोणालाच ठाऊक नव्हते. मग तो सुनेला म्हणाला, “ते पोर तिच्या लोकांकडे टाकून ये.”

“तिचे लोक कोण, ते मला आज कळलं,” नातालीन म्हणाली. तिचा नवरा खाली मान घालून उभा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याची मान वर झाली नाही. तेव्हा दोन्ही मुले छातीशी धरून ती घाटावरच्या माणसांच्या तांड्यामागे चालू लागली. ती पुन्हा मोरण्यात आली नाही. दुसऱ्या दिवशी गुस्तीनने कुलूप काढून पोहरा ओढला, तर पाणी खारट लागले म्हणे. गाव घाबरला. दर शुभ शुक्रवारी परक्यासाठी गोड्या पाण्याचा घडा बावेवर ठेवू, असा नवस गावाने बोलला.

आजही तो नवस चुकत नाही. घडा फुलांनी सजवतात, पाद्री त्यावर आशीर्वाद देतात. पलीकडच्या इमारतींवर परप्रांतातून आलेले मजूर टँकरची वाट बघत उन्हात उभे असतात. नको ती माणसे आत शिरतात, म्हणून त्या दिवशी बावेकडे जाणाऱ्या फाटकाला कुलूप असते.

“मग पाणी पितं कोण?” पाहुणे विचारतात.

“संध्याकाळी गुलाबांना घालतो,” मिंगेलबाबा सांगतात.