शाल कोण घालणार?

चिअरलीडिंगच्या स्पर्धेत इचलकरंजीची ऋजुता हेरवाडे दोन संघांतून उतरणार होती. दोन्ही संघांच्या मानवी मनोऱ्यात तळाशी तीच उभी राहायची.

उद्घाटनालाच संघटनेचे अध्यक्ष भाऊसाहेब मगदूम मंचावरून गरजले, "एका माणसानं दोन जागा अडवायच्या? एक संघ सोड, नाहीतर दोन्ही बाद!"

"सोडते की," ऋजुता म्हणाली. "फक्त एवढं सांगा, आता प्रमुख पाहुण्यांना शाल कोण घालणार?"

"अध्यक्ष. म्हणजे मीच."

"आणि प्रमुख पाहुणे कोण?"

भाऊसाहेबांनी हातातली कार्यक्रमपत्रिका पाठीमागे लपवली. पाहुणेही तेच होते.

"मी दोन्हीकडे दुसऱ्यांना खांद्यावर घेते, साहेब. तुम्ही स्वतःला शाल कशी घालता, तेवढं बघून जाते."

प्रेक्षक पोट धरून हसले. ऋजुता दोन्ही संघांतून खेळली. भाऊसाहेबांनी शाल शेवटी माइकच्या दांड्याला घातली.