बाभळीवरचा टॅबलेट

पाखरं बोलत होती त्या काळी त्यांच्याकडे टॅबलेटही होता. कुणाला पटत नसेल तर त्यानं इथंच थांबावं.

विहिरीवरच्या बाभळीला तो अडकवलेला असे. सुगरण पक्ष्यांत घरटं नर विणतो आणि मादीला ते पसंत पडलं तरच त्याचा संसार उभा राहतो. पिवळ्या नावाचा नर दिवसभर टॅबलेटवर देशोदेशीची घरटी बघत बसे. त्याचं स्वतःचं अर्धंच लोंबत होतं. शेजारचा झिपऱ्या मात्र आपल्याच विणीचं चित्रण करी, ते बघे, सैल टाके उसवी आणि पुन्हा विणत बसे.

"काय रे, स्वतःचंच कौतुक बघतोस?" पिवळ्या हसे. "मी तीनशे घरटी पाहिलीत!"

एके सकाळी मादी आली. तिनं झिपऱ्याचं घरटं चोचीनं खसकन ओढलं. एक काडी हलली नाही. वा, काय वीण होती ती!

"अहो बाई, मला तीनशे नमुने पाठ आहेत!" पिवळ्या ओरडला.

"मग त्यातल्या कुठल्या नमुन्यात अंडी घालू?" असं म्हणून ती झिपऱ्याच्या घरट्यात शिरली.

पिवळ्या टॅबलेटवर उखडला. "तूच मला फसवलंस!"

टॅबलेट उत्तरला, "तू म्हणालास, दुसऱ्यांची दाखव. मी दाखवली. झिपऱ्यानं विचारलं, माझं कुठं चुकतं? तेही मीच दाखवलं."

हंगाम सरायला थोडेच दिवस उरले होते. पिवळ्यानं टॅबलेट आपल्या अर्ध्या घरट्याकडे फिरवला आणि एक टाका घातला. टाका सैल आला. टॅबलेटनं तो सैलच दाखवला.

पिवळ्यानं तो उसवला.