चौकात झिरपणारी ऊब

फार जुन्या काळी बर्फाच्या डोंगरावर एक गाव होतं. वरच्या अंगाला गरम पाण्याचा झरा आणि खालच्या वेशीजवळ सुइणीचं बाळंतघर. झऱ्याचं पाणी तांब्याच्या नळातून त्या घरात यायचं. बाळंतिणींना ऊब मिळायची ती तेवढीच.

मध्ये चौकात पाणी कमीजास्त करायची तोटी होती. तिच्या दांड्याभोवती चरबीत भिजवलेल्या तागाचा पीळ भरलेला असे आणि वरून पितळी कडं आवळलेलं. थंडीत पीळ आकसतो, कडं सैल पडतं आणि दांड्याच्या कडेने पाणी झिरपू लागतं. म्हणून दव गोठायच्या आत ताजा पीळ भरायचा, कडं जरासं आवळायचं, थंडी वाढली की पुन्हा हात लावून बघायचं, अशी रीत होती. तोटीवाल्याला गाव पोसत होतं ते त्यासाठीच.

पण त्या साली गावाला भलताच शहाणपणा सुचला. झिरपणाऱ्या पाण्यावर हात शेकायला काय बरं वाटतं! रोज सकाळी पुरुषमंडळी तोटीभोवती कोंडाळं करून बसू लागली. तोटीवाला पीळ बदलायला आला की त्याला गुळाचा खडा देऊन परत धाडत. तोही मेला गूळ चघळत निघून जाई.

बाळंतघरातलं पाणी कोमट झालं, तशी सुईण तणतणत चौकात आली. पाटलाची लेक दिवस भरत आल्याने तिच्याकडेच राहायला आली होती. आणि तिचा बाप इथे सगळ्यांच्या पुढे बसून तळवे शेकत होता.

"पाटील, ही ऊब कुणाच्या वाट्याची आहे, ठाऊक आहे ना?"

"अगं, थेंबभर तर पाणी. एवढ्याने काय होतंय?"

बाकीचे हसले. सुइणीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पालथ्या घड्यावर पाणी किती ओतणार? ती परत फिरली.

थंडी कडाडली. थेंबांची धार झाली आणि मंडळींची बसायची जागा भिजली, तेव्हा कुठे त्यांना गळती खुपली. ती ओरडली तशी तोटीवाल्याने घाबरून पहार लावली आणि कडं एका दमात करकचून आवळलं. जुना पीळ चुरला, कडं तडकलं, सगळं पाणी चौकात वाहून गेलं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

त्याच दुपारी पाटलाच्या लेकीला कळा सुरू झाल्या. बाळंतघर गारठलेलं होतं. सुइणीने चौकात जाऊन एकेकाला दंडाला धरून आणलं, लेकीची बाज उचलायला लावली आणि सगळ्यांना वर झऱ्याकडे पिटाळलं.

अर्ध्या वाटेवर, बोचऱ्या वाऱ्यात, मूल जन्मलं. सुइणीने त्याला पोटाशी धरलं, चोळलं, पदरात गुंडाळलं. ते रडलं नाही.

पाटलाने नातवाला घ्यायला हात पुढे केले. सुइणीने ते इवलं अंग त्याच्या तळव्यांवर ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "गार आहे."

बोध एवढाच: दुसऱ्याच्या वाट्याचं गळत असेल आणि त्यात आपल्याला सुख वाटत असेल, तर ती गळती सगळ्यांत आधी बंद करावी.