ठिपक्याची झुडपं

वाळवंटात माणसं यायच्या आधीची ही गोष्ट. उन्हाळी वादळ सरलं की झिपरी कुत्री आपल्या पिल्लाला, ठिपक्याला, फिरायला न्यायची. ठिपक्या प्रत्येक झुडपापाशी तंगडी वर करायचा.

"अरे, किती वेळा? शेजारी म्हणतील, आईनं वळणच लावलं नाही," झिपरी करवादायची. तिला स्वतःलाही तसंच वाटायचं.

एकदा परतताना ती थबकली. वाऱ्यानं टेकड्या हलवल्या होत्या, पावसानं जुने वास धुऊन नेले होते. घराची दिशाच कळेना. अंधारून येत होतं.

"आई, हे माझं झुडूप," ठिपक्या हुंगत म्हणाला. "ते पुढचंही माझंच."

झुडपामागून झुडूप हुंगत दोघं घरी पोचली. झिपरी कितीतरी वेळ त्याचं कपाळ चाटत राहिली.

पुढच्या वादळानंतर निघताना तिनं विचारलं, "बाळा, पाणी पोटभर प्यायलास ना?"